वीतभर स्पष्ट

“ती बाईंची जागा आहे. तिथं बसू नकोस.”

मुनीर अर्धा वाकला होता, तसाच थांबला. “काकू, बसतोय कुठं? फोकस बघायला नुसतं डोकं ठेवतोय.”

“डोकं तुझ्या खांद्यावरच असू दे. हे घे.” आईनं पेटीचं रिकामं खोकं बैठकीच्या मधोमध सरकवलं, त्यावर तबल्याचं खोकं चढवलं आणि सगळ्यात वर आपली पाण्याची तांब्याची लोटी ठेवली. दोन पावलं मागं होऊन पाहिलं. मग लोटी बोटभर डावीकडे सरकवली. “बाई बसल्या की चेहरा इथं येतो. घे तुझा फोकस.”

“लोटीचा?”

“लोटीचा. हलत नाही, बोलत नाही. तुझ्यापेक्षा बरी.”

मुनीर हसत माझ्या कॅमेऱ्यापाशी आला आणि आई तिच्या जागेवर जाऊन बसली. तिची जागा म्हणजे बाईंच्या डाव्या खांद्यामागं, अडीच फुटांवर. तिनं तंबोरा उभा करून मांडीशी घेतला. त्या लोटीमागं बसतानाही तिनं पदर सारखा केला.

सांगलीतल्या एका जुन्या शाळेचं ते सभागृह. शनिवारची दुपार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला याच बैठकीवर यशोदाबाई आठल्ये गाणार होत्या. बाईंची पंच्याहत्तरी होती. जन्मभर त्यांनी कॅमेऱ्याला नाही म्हटलं होतं. शिष्यांच्या मंडळानं हे एकदाच त्यांच्याकडून हो म्हणवून घेतलं होतं आणि चित्रीकरण माझ्याकडे आलं होतं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. पुण्यात मैफली आणि नाटकं सिनेमाच्या कॅमेऱ्यांवर टिपण्याचं काम करत होते. मुनीर मिरजेचा. दुसरा कॅमेरा तो चालवायचा.

मैफलीत सिनेमासारखं ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. जे होतं ते एकदाच होतं, म्हणून कॅमेऱ्यापेक्षा लेन्सचा विचार आधी करावा लागतो. मी दोन पर्याय आणले होते. एक जाडजूड झूम. एका जागी उभं राहून अख्खी बैठकही घेता येईल आणि नुसता चेहराही, आणि पुढचं-मागचं बरंचसं स्पष्ट राहील. पण तिला उजेड लागतो. दोन दिवे तरी लावावे लागले असते. दुसरी होती पंच्याऐंशी मिलिमीटरची प्राइम. तिच्यात मागंपुढं होणं नाही, एकच माप. मात्र समईच्या उजेडातही माणसाच्या कातडीचा पोत दाखवील अशी. तेरा फुटांवरून तिच्यात वीतभर जागा स्पष्ट दिसायची. त्याच्या अलीकडचं-पलीकडचं सगळं धुक्यात.

मला झूम हवी होती, आणि कारण कलेचं नव्हतं. आमच्या घरी एका फायलीत बाईंच्या मैफलींची सतरा कात्रणं होती. सतराही फोटोंत बाई आहेत. बाईंच्या मागं तंबोऱ्याचा भोपळा आहे, आणि भोपळ्यावर एक कोपर आहे. ते कोपर माझ्या आईचं. चौतीस वर्षं ती बाईंच्या मागं बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी, घर, मी, वडिलांचं आजारपण, या सगळ्यातून वेळ काढून ती बाईंकडे शिकली आणि एकदाही पुढं बसून गायली नाही. या वेळी कॅमेरा माझ्या हातात होता. आईचा चेहरा, अख्खा चेहरा, मला त्या चित्रात हवा होता. तिला हे मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ती दुसऱ्याच कुणाला तंबोऱ्यावर बसवून मोकळी झाली असती.

आधी झूम लावली. दिवे पेटवले. छोट्या पडद्यावर लोटी दिसली आणि लोटीमागं आई, केसांतल्या पिनेसकट.

“काय दिसतंय?” तिनं तिथून विचारलं.

“तू.”

ती तंबोरा निजवून उठली, डोळ्यांवर आडवा हात धरत आली. पडद्यात पाहिलं. मग म्हणाली, “हे दिवे बाईंना चालायचे नाहीत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. उजेड आला की पाणी येतं.”

“बाजूनं लावू. सरळ नाही येणार.”

“तू दुसरं भिंग आणलंयस ना? ते लाव बघू.”

मुनीरनं दिवे बंद केले, प्राइम चढवली. आई पुन्हा जाऊन बसली. मी लेन्सवरची कडी डाव्या हातानं फिरवली आणि लोटी उजळली. तिच्यावरचे ठोके, काठाला पडलेला पोचा, पाण्याचा ओघळ सुकलेली रेघ. मागं आईच्या जागी एक मऊ करडा डाग. तंबोरासुद्धा नुसता उभा पट्टा झाला होता.

“ही लेन्स नव्या नवरदेवासारखी आहे, काकू,” मुनीर म्हणाला. “एका वेळी एकीलाच बघती.”

आई पुन्हा आली. या वेळी तिनं चष्मा लावला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेली. “मी कुठाय यात?”

मी डागावर बोट ठेवलं.

“आणि तू हे काय फिरवलंस?”

“फोकस. ही कडी फिरवली की नजर मागं-पुढं सरकते. आता लोटीवर आहे. इकडं फिरवली की तुझ्या जागेवर.” मी फिरवून दाखवलं. लोटी विरघळली आणि मागची रिकामी जागा, निजवलेला तंबोरा, त्याच्या खुंट्या स्पष्ट झाल्या.

“एवढ्यानं?”

“एवढ्यानं. दोन बोटांचं काम.”

ती माझ्या हाताकडे जरा वेळ बघत राहिली. “हेच लाव,” म्हणाली.

“आई, यात तू दिसणार नाहीस.”

“मग? लोक मला बघायला येणारेत?”

“मला हवीयेस ना पण तू.”

“मी घरी आहेच की. बघ हवी तेवढी.” मग आवाज उतरवून, “केतकी, बाईंच्या डोळ्यांचा विचार कर. दिवे नकोत.”

मी झूम तिच्या खोक्यात परत ठेवली. तेवढ्यात तिनं मुनीरकडे मोर्चा वळवला. “आणि तू कुठं उभा राहणार?”

“पेटीच्या बाजूनं राहतो की.”

“तबल्याच्या बाजूनं राहा. बोटं बघ कशी दिसतात आमच्या तबलजींची.”

“काकू, पिक्चर तुम्हीच करताय, आम्ही जातो चहाला,” मुनीर म्हणाला. पण स्टँड त्यानं तबल्याच्या बाजूला हलवला. संध्याकाळी माइकवाला आला, त्यालाही आईनं गाठलं. तंबोऱ्याला वेगळा माइक माग म्हणून मीच तिला सांगितलं होतं. मला हेडफोनमध्ये तंबोरा नीट हवा होता. त्यानं माइक भोपळ्यापाशी लावला. आईनं तो वर घ्यायला लावला, पार दांडीच्या मध्यापर्यंत, तिच्या हनुवटीजवळ. “खाली नुसतं घुमतं,” म्हणाली. मला बरं वाटलं. एरवी कशात लक्ष न घालणारी आई माझ्या कामात एवढी रमली होती. गेले दोन महिने ती रोज बाईंकडे जाऊन दार लावून बसत होती, मी पुण्याहून फोन केला तरी गप्पगप्प असायची. म्हटलं, चला, जरा मोकळी झाली.

सकाळी साडेसहाला सभागृह भरलं होतं. दोन समया आणि वरचा एक पिवळा दिवा. बाई आल्या तेव्हा सगळे उठून उभे राहिले. आईनं त्यांच्या कोपराला धरून त्यांना बसवलं. त्यांच्या पायांवरून शाल नीट केली आणि मागं आपल्या जागी गेली. खोक्यांवर लोटी जिथं होती, बरोबर तिथंच बाईंचा चेहरा आला. एक बोटही इकडंतिकडं नाही.

राग ललत होता. तंबोरा मध्यमाला मिळवलेला. बाईंचा खालचा आवाज मला लहानपणापासून माहीत होता, तसाच होता; किंचित खरखरीत आणि आतून ओला. मी कडीवर डावा हात ठेवून उभी होते. बाई गाताना पुढं झुकायच्या, तेवढी कडी फिरवायची. मागं रेलल्या की परत. वीतभर जागेत माणसाला धरून ठेवणं म्हणजे त्याच्याबरोबर श्वास घेणंच असतं. पंधरा-वीस मिनिटांत मला बाईंची लय सापडली. कानात बाई, तबला, पेटी, तंबोरा. डोळ्यासमोर बाईंचा चेहरा, मान, कानातली कुडी. मागं, त्यांच्या डाव्या खांद्यापलीकडे, तो करडा डाग संथ हलत होता.

बाई वर जायला लागल्या की मानेच्या दोन शिरा ताणल्या जात. इतकी वर्षं समोर बसून ऐकलं होतं, पण हे मला कधी दिसलं नव्हतं. लेन्समुळे आता त्या दोरीसारख्या दिसत होत्या. मध्यमावर ताणल्या, धैवतावर आणखी. निषादावर आवाज जरा कापला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

मग अंतरा आला. बाईंनी डावा हात वर उचलला, डोळे मिटले, तोंड उघडलं आणि वरचा षड्ज लागला.

तसा षड्ज मी बाईंचा गेल्या दहा वर्षांत ऐकला नव्हता. सरळ, भरलेला, कुठं टेकू न घेता उभा राहिलेला. सभागृहातून दाद आली. पुढं बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी मांडीवर थाप मारली. तबलजींनी मान डोलावली.

आणि माझ्यासमोर, वीतभर स्पष्ट जागेत, बाईंच्या मानेच्या शिरा सैल होत्या.

तोंड उघडं होतं. हात वर होता. गळा हलत नव्हता.

मला कळायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. फार नसावा, कारण षड्ज अजून चालू होता. दार लावून काढलेले दोन महिने. हनुवटीजवळचा माइक. मुनीरला तबल्याच्या बाजूला पाठवणं. तिथून बाईंच्या आड आई दिसतच नाही. आणि हे भिंग. तिनं पडद्याजवळ जाऊन ‘मी कुठाय यात’ विचारलं होतं, ते आपण दिसत नाही ना याची खात्री करायला. भिंग काय लपवतं ते तिनं नीट पाहिलं होतं. काय दाखवतं ते मात्र पाहिलं नव्हतं, कारण बाईंच्या जागेवर तिनं कुणाला बसू दिलं नाही. लोटीला गळा नसतो.

माझी आई गात होती. चौतीस वर्षांत पहिल्यांदा, चारशे माणसांपुढं, आणि दाद घेत होती. दोन बोटांचं काम होतं.

मी कडी फिरवली.

बाई विरघळल्या. मागच्या डागातून आधी तंबोऱ्याची दांडी वर आली, मग खुंट्या, मग दांडीला टेकलेला गाल, मग आई. तोंड फार उघडलेलं नव्हतं, ओठ जेमतेम विलग होते. मानेवर दोन शिरा दोरीसारख्या ताणलेल्या. तिचा तोच चेहरा मला हवा होता. पण तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. घरात ती असा चेहरा करत नसे.

तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

स्वर जराही न हलवता तिनं मान हलवली. उजवीकडून डावीकडे. एकदाच.

तंबोऱ्याच्या चार तारा छेडून होतात तेवढाच वेळ ती स्पष्ट होती. मग मी कडी परत फिरवली. बाईंनी डोळे उघडले, षड्जावरून खाली उतरताना आपला आवाज उचलला, आणि सांधा कुठं झाला ते मलाही सांगता आलं नसतं.

मैफल साडेनऊला भैरवीनं संपली. लोक पाया पडायला रांग लावून उभे होते. बाईंनी मागं हात केला. आईनं तो धरला.

“प्रमिले,” बाई म्हणाल्या, “आज षड्ज लागला हं.”

“लागला, बाई,” आई म्हणाली.

मी कॅमेऱ्याच्या वायरी गुंडाळत होते. मुनीर जवळ आला. “ताई, काय गायली राव म्हातारी! पंच्याहत्तर म्हणे! तुमचा शॉट कसला आला असेल तो षड्जाचा. मला तिकडनं नुसता कानच दिसत होता त्यांचा.”

“फोकस गेला माझा तिथं,” मी म्हटलं.

“काय सांगता!”

“हात घसरला.”

त्यानं माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की मला हसू आलं असतं, एरवी.

घरी जाताना रिक्षात आई आणि मी. तंबोरा आमच्या दोघींच्या मध्ये उभा होता. त्याच्या आडून ती म्हणाली, “तेवढं पुसून टाक.”

“का?”

“बाईंना दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं, वर जायचं नाही. मंडळाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, रद्द करते. मी म्हटलं, नका करू.”

“पण मागून शिष्य गातातच की. सगळ्यांना माहीत असतं. उघड गायली असतीस. लपवायचं काय होतं?”

“साथ वेगळी आणि हे वेगळं.” ती बाहेर बघत होती. “केतकी, त्या मला बघू शकत नव्हत्या. मी त्यांच्या पाठीमागं. तोंड उघडून, डोळे मिटून बसल्या चारशे माणसांपुढं. मी गायले नसते तर? घसा बसला असता, ठसका लागला असता? अशी कोण बसतं गं दुसऱ्याच्या भरवशावर?”

खड्डा आला तसा मी तंबोरा सावरला.

“पुसशील ना?”

“पुसते,” मी म्हटलं.

“आणि बाईंचा गळा? तो दिसला असेल तुला. माझ्या लक्षात नाही आलं ते. तेही काढ.”

“काढते. मुनीरच्या कॅमेऱ्यातलं घालते तिथं.”

“हं.” मग अगदी सहज विचारल्यासारखं, “कसा लागला पण?”

“काय?”

“षड्ज गं.”

“चांगला लागला,” मी म्हटलं. मला याहून मोठं काहीतरी म्हणायचं होतं. पण रिक्षा दारात आली होती आणि तंबोरा सांभाळून उतरवायचा होता.

चित्रफितीत त्या ठिकाणी बाईंचा कान, तबलजींची बोटं आणि डोळे मिटून ऐकणारे ते पुढच्या रांगेतले गृहस्थ आहेत. लोक म्हणतात, फार संयमानं घेतलंय. षड्जाच्या वेळी गायिकेचा चेहरा न दाखवणं हे सुचायला हवं. मी मान डोलावते.

बाई त्यानंतर तीन वर्षांनी गेल्या. आईनं पुन्हा कधी तंबोरा लावला नाही, गायलीही नाही. नातीला झोपवतानासुद्धा गोष्ट सांगायची. या वर्षी माघात ती गेली. चौदाव्या दिवशी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. बाईंच्या नावच्या दालनात आता शिष्यांचेही फोटो लावायचे होते.

“तुमच्या आईंचा गातानाचा एखादा मिळाला तर फार बरं होईल. तुम्ही त्या पंच्याहत्तरीचं सगळं शूटिंग केलंत, त्यात असेलच की.”

“नाही,” मी म्हटलं. “त्यात ती स्पष्ट नाही. लेन्स तशी होती.”

“अरेरे. तेव्हा दुसरी लावली असती तर.”

“लेन्स तिनंच निवडली होती.”

ते हसले. त्यांना तो विनय वाटला. तंबोऱ्यासह नुसता बसलेला एखादा फोटो पाठवते, असं सांगून मी फोन ठेवला. त्या सतरा कात्रणांतलं एक पाठवलं, त्यातल्या त्यात कोपर बरं आलंय ते.

पुसलं मी काहीच नव्हतं. फोन ठेवल्यावर बारा वर्षांत पहिल्यांदा ती जुनी डिस्क लावली. आवाज बंद ठेवला. बाई विरघळतात. दांडी, खुंट्या, गाल, आई. गातानाची माझ्याकडे ती एवढीच आहे, चार तारांपुरती. आणि तेवढ्यातही ती मला नको म्हणते आहे.

पुन्हा लावायला हात गेला, तो मी मागं घेतला.

या गोष्टीतली सगळी नावं मी बदलली आहेत, गावाचं, बाईंचं, मुनीरचं, माझंसुद्धा. आईचं बदललेलं नाही.